पिवळं कार्ड विचारतील, मलेरियाचं कुणी विचारणार नाही

वाचक भगिनीचं पत्र :

डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार. आम्ही कराडचे. माझं वय ६३, यजमानांचं ६८. लेक आणि जावई नोकरीनिमित्त केनियात, नैरोबीला असतात, नात सव्वा वर्षाची आहे. पाच आठवड्यांनी, ऑगस्टच्या मध्याला, आम्ही दोघं पहिल्यांदाच परदेशी निघालो आहोत, महिनाभरासाठी. जावयांनी तीन दिवस मसाई माराचं अभयारण्य आणि नंतर चार दिवस झांझिबार असं बुकिंग करून ठेवलंय. यजमानांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, रात्री इन्सुलिन घेतात. मला संधिवात आहे. त्यासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आणि रोज थोडं स्टेरॉइड चालू आहे. तिकीट काढणारा एजंट म्हणाला, येलो फीवरचं इंजेक्शन घ्यावंच लागतं, पण "या वयात सोसणार नसेल तर कार्ड तसंच करून देतो, दोन हजार पडतील". शेजारच्या काकू म्हणतात, आपल्याला डासांची सवय आहे, आफ्रिकेच्या डासाचं काय एवढं! यजमान म्हणतात, कार्ड घेऊन टाकू, कटकट नको. माझं मन धजत नाही. कोणत्या लसी घ्यायच्या आणि काय काय सांभाळायचं, ते सविस्तर सांगाल का?
– एक वाचक भगिनी, कराड

ताई,

तुमचं मन धजलं नाही हे फार चांगलं झालं. आणि पत्रात तुम्ही तुमच्या गोळ्यांची नावं लिहिलीत, त्याबद्दल मी तुमची खरंच आभारी आहे. माझ्याकडे प्रवासाआधी येणाऱ्यांपैकी बरेचजण देश सांगतात, तारीख सांगतात, आपली औषधं सांगत नाहीत. तुमच्या बाबतीत सगळं त्या एका ओळीवर अवलंबून आहे.

आधी एजंटाचं कार्ड. ते घेऊ नका, यजमानांनाही घेऊ देऊ नका. येलो फीवरचं ते पिवळं पुस्तक केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रावरच मिळतं. त्यात तुमचा पासपोर्ट क्रमांक, लशीचा बॅच नंबर, देणाऱ्याची सही आणि केंद्राचा शिक्का असतो. खोटं कार्ड बाळगणं हा गुन्हा तर आहेच, पण मला त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. कार्ड हातात आलं की माणूस निर्धास्त होतो. अंगात संरक्षण काही नसताना तो डासांच्या मुलखात बिनधास्त फिरतो. येलो फीवर म्हणजे पीतज्वर. त्या विषाणूवर मारा करणारं औषध आजही नाही. ज्यांचा आजार गंभीर वळणावर जातो, कावीळ होते, रक्तस्राव सुरू होतो, त्यांच्यातले जवळपास निम्मे आठ-दहा दिवसांत दगावतात.

आणि तो आजार सोबत घेऊन आपण कुठे परत येणार, तर आपल्याच गावात. पीतज्वर पसरवणारा एडिस डास कराडलाही आहे. तुमच्या गच्चीवरच्या उघड्या पिंपात आणि कुंडीखालच्या ताटलीत जो डेंगीचा डास वाढतो, तोच हा. आपल्याकडे डास आहे, विषाणू नाही, आणि विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती जवळजवळ कुणाकडेच नाही. त्यामुळे भारत सरकार या एका आजाराबद्दल इतकं कडक आहे. २०१६ साली अंगोलात मोठी साथ आली, तेव्हा तिथे काम करून परतलेल्या अकरा जणांमार्फत हा आजार चीनमध्ये पोचला होता. आशिया खंडात तो त्याआधी कधी नोंदला गेला नव्हता. तिथे तो पसरला नाही, हे आपल्या सगळ्यांचं नशीब.

आता तुमचा खरा प्रश्न, इंजेक्शन घ्यायचं की नाही. एजंटाने तुमचं वय पाहिलं. तुम्ही कोणत्या गोळ्या घेता, हे त्याने विचारलं नाही.

ही लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. १७डी नावाचा हा वाण १९३०च्या दशकात मॅक्स थायलर यांनी तयार केला. त्यासाठी त्यांना १९५१ साली नोबेल मिळालं, आणि जगभर आजही तोच वाण वापरतात. निरोगी तरुण माणसाला ही लस अतिशय सुरक्षित आहे. एकच डोस, आणि ११ जुलै २०१६पासून त्याचं प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी ग्राह्य धरतात, पूर्वीसारखं दर दहा वर्षांनी नव्याने टोचून घ्यावं लागत नाही. पण विषाणू जिवंत आहे म्हटल्यावर त्याला आवर घालायला शरीराची प्रतिकारशक्ती जागी असावी लागते. मेथोट्रेक्सेट आणि स्टेरॉइड नेमकी तीच शक्ती दाबून ठेवतात. सांधे सुजू नयेत म्हणून ती दाबणं गरजेचंच आहे. पण त्यामुळे लशीतला तो दुबळा विषाणूही अंगात मोकाट सुटू शकतो.

म्हणून ताई, तुम्ही ही लस घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांना हे पत्र दाखवा, त्यांचा शब्द अखेरचा. फक्त एक करू नका. लस घेता यावी म्हणून मनानेच गोळ्या बंद करू नका. मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवलं म्हणून शरीर लगेच लशीला तयार होत नाही, आणि सांधे मात्र तेवढ्यात आखडून बसतात. स्टेरॉइड एकदम बंद करणं तर थेट धोक्याचं.

यजमानांचं वेगळं आहे. मधुमेह असला तरी ही लस घेता येते. अडचण वयाची आहे. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदा ही लस घेतली तर यकृत, मूत्रपिंड किंवा मेंदूवर गंभीर परिणाम होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. तरीही ती लाखात एखाद-दुसऱ्याला होणारी गोष्ट आहे. घाबरून जाण्याइतकी नाही, पण न विचारता टोचून घेण्याइतकी क्षुल्लकही नाही. अंड्याची तीव्र ॲलर्जी आहे का, छातीतल्या थायमस ग्रंथीचा आजार किंवा शस्त्रक्रिया झाली आहे का, कर्करोगाचे उपचार झालेत का, हे तीन प्रश्न त्यांना विचारा. तिन्हींचं उत्तर नाही असेल, साखर आटोक्यात असेल आणि ते माराला जाणारच असतील, तर त्यांनी लस घ्यावी असं मी म्हणेन. पण ती याच आठवड्यात घ्यावी. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. शिवाय काही त्रास व्हायचा असलाच तर तो बहुतेक त्याच दिवसांत होतो, आणि तेव्हा माणूस कराडला आपल्या माणसांत असलेला बरा. थोडा ताप, अंगदुखी हे चालायचंच. पण ताप उतरेना, डोळे पिवळे दिसू लागले, लघवी कमी झाली, बोलण्यात असंबद्धपणा आला, तर थेट मोठं रुग्णालय गाठायचं आणि दारातच सांगायचं, अमुक तारखेला येलो फीवरची लस घेतली आहे.

लशीसाठी तुम्हाला एक फेरी मारावी लागेल. मान्यताप्राप्त केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांकडे ही सोय आहे. आधी वेळ ठरवूनच जा. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती फोडली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे ठरावीक दिवशी, ठरावीक माणसं जमवून लस देतात. पासपोर्ट मूळ न्या, झेरॉक्स चालत नाही. आणि कार्ड हातात पडलं की तिथेच उभं राहून नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षर न अक्षर ताडून पाहा, यजमानांना जागेवरच सही करायला लावा. एक आकडा चुकला म्हणून परतीच्या वेळी अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

तुम्हीही त्यांच्यासोबत त्या केंद्रावर जा, लस घ्यायला नव्हे तर सूटपत्र घ्यायला. वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही असं डॉक्टरांनी कारणासह लिहून सही-शिक्क्यानिशी देण्याची तरतूद आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत आहे. ते पत्र इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये असावं लागतं. संधिवाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि चालू औषधांची यादी सोबत न्या.

पण हे पत्र म्हणजे सगळं मोकळं, असं समजू नका. भारतातून थेट केनियात उतरताना तुम्हाला हे कार्ड कुणी मागणार नाही. प्रश्न येतो परतताना. केनिया भारताच्या धोक्याच्या यादीत आहे, आणि तिथून निघून सहा दिवसांच्या आत विनाकार्ड भारतात उतरणाऱ्याला ते सहा दिवस पुरे होईपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याला आहे. सूटपत्र पाहून ते काय ठरवतील, हे त्यांच्या हाती. म्हणून परतल्यावरचे सहा दिवस मोकळे ठेवा. त्याच आठवड्यात घरी कार्य काढू नका, संधिवाताच्या गोळ्या दहा दिवसांच्या जास्त घ्या, हातातल्या बॅगेत दोन कपडे आणि वाचायला काहीतरी ठेवा. विलगीकरणाची वेळ आलीच, तर ते तुमच्या गावाच्या भल्यासाठी काढलेले दिवस आहेत असं समजून काढा.

याच नियमात अनेकजण न कळत सापडतात, म्हणून इतर वाचकांसाठी सांगते. दक्षिण आफ्रिकेला जाताना अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलणारेही याच्या कक्षेत येतात. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नसेल तर सूट मिळू शकते, पण ती अधिकाऱ्याने मान्य केली तरच. दक्षिण आफ्रिका तर अशा देशात बारा तासांपेक्षा जास्त थांबा झाला की कार्ड मागते. स्वस्त तिकिटाच्या नादात लांबलचक थांबा घेताना हे बघून घ्या.

आता जावयांच्या बुकिंगबद्दल थोडं वाईट सांगते. झांझिबार रद्द करा. तो टांझानियाचा भाग आहे, आणि केनियातून येणाऱ्या प्रवाशाकडे टांझानिया येलो फीवरचं कार्ड मागतं. सूटपत्राच्या भरवशावर तिथल्या धक्क्यावर वाद घालत उभं राहण्याचं हे वय नाही आणि कारणही नाही.

आणि मारा? तिथे पीतज्वराची लस घेऊनच जावं असं तज्ज्ञ सांगतात. नैरोबी शहरात मात्र हा धोका फार कमी समजला जातो, तेवढ्यापुरता प्रवास असेल तर लशीचा आग्रह सहसा धरत नाहीत. नैरोबी जवळजवळ १,८०० मीटर उंचीवर आहे, आपल्या महाबळेश्वरहूनही उंच. त्यामुळे माझा सल्ला असा, की माराला यजमान आणि जावई जाऊ देत. तुम्ही, लेक आणि नात नैरोबीत राहा. सव्वा वर्षाच्या लेकराला मलेरियाच्या मुलखात तंबूत नेऊन ठेवणं मला तसंही पटत नाही.

सिंह पाहायचे राहतील असं वाटून हिरमुसू नका. नैरोबी शहराला अगदी लागून राष्ट्रीय उद्यान आहे, १९४६ सालचं, सुमारे ११७ चौरस किलोमीटरचं. तिथे सिंह आहेत, गेंडे आहेत, जिराफ आहेत, आणि त्यांच्या पाठीमागे शहरातल्या उंच इमारती दिसतात. मोठे हत्ती तिथे नाहीत, पण त्याच परिसरात अनाथ हत्तीच्या पिल्लांचं संगोपन केंद्र आहे. सकाळी ती पिल्लं चिखलात लोळायला येतात तेव्हा पाहुण्यांना बघू देतात. आधी नाव नोंदवावं लागतं. नातीला कडेवर घेऊन ते पाहाल तेव्हा माराची आठवणही यायची नाही.

आता येते मला सगळ्यात जास्त काळजी वाटणाऱ्या गोष्टीकडे, मलेरियाकडे. त्याचं कार्ड नाही. विमानतळावर त्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून लोकही विचारत नाहीत. पण केनियाला जाणाऱ्या आपल्या माणसाला पीतज्वरापेक्षा मलेरिया होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. आणि तिथला बहुतेक मलेरिया फाल्सीपारम जातीचा, म्हणजे मेंदूवर जाणारा. काकूंना माझा नमस्कार सांगा आणि एवढं सांगा, की मलेरियाची प्रतिकारशक्ती डास चावून येत नाही. मलेरियाच्या मुलखात लहानपणापासून वारंवार तो आजार होऊन जे थोडंफार संरक्षण तयार होतं, तेही तो मुलूख सोडला की ओसरतं. कराडच्या डासांनी तुम्हाला ते कधी दिलेलंच नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ तापाने आले होते. थंडी वाजून ताप, अंग दुखतंय, प्लेटलेट कमी. पावसाळ्याचे दिवस, गावात डेंगीचे पेशंट, मी त्याच वाटेने विचार केला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी सहज बोलून गेल्या, "परवा परवाच तर आफ्रिकेहून आले." रक्ताची काच पाहिली तर फाल्सीपारम. तोवर डोळे पिवळे झाले होते, बोलणं तुटक झालं होतं. नऊ दिवस अतिदक्षता विभागात काढून ते वाचले. ते तीन दिवस वाया गेले ते माझ्या न विचारण्याने. त्यानंतर तापाच्या प्रत्येक पेशंटला माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे, गेल्या तीन महिन्यांत कुठे जाऊन आलात? पण तुमच्यासमोर बसलेला डॉक्टर हे विचारेलच असं नाही. तेव्हा तुम्ही न विचारता सांगायचं.

मलेरिया टाळण्याच्या गोळ्या असतात. त्या जाण्याआधी सुरू करायच्या, तिथे चालू ठेवायच्या आणि परत आल्यावरही घ्यायच्या. एक प्रकार रोज घ्यायचा आणि परतल्यावर सात दिवस चालू ठेवायचा, दुसरा रोजचाच पण परतल्यावर चार आठवडे, तिसरा आठवड्यातून एकदा आणि तोही परतल्यावर चार आठवडे. घरी आलो, संपलं, असं म्हणून गोळ्या बंद करणारेच आजारी पडतात, कारण यकृतात दडलेला जंतू नंतर रक्तात उतरतो. यांतली कोणती गोळी कुणी घ्यायची हे मी पत्रातून सांगणार नाही. यातल्या काही गोळ्यांची मेथोट्रेक्सेटशी सांगड घालताना जपावं लागतं. नैरोबीपुरतंच राहिलात तर धोका कमी आहे, शून्य नाही. तुमच्या डॉक्टरांपुढे प्रवासाचा सगळा बेत ठेवा आणि त्यांच्याकडून लिहून घ्या. यजमान माराला जाणार, त्यांना गोळी लागेलच.

एक गोष्ट मात्र अगदी मनावर कोरून ठेवा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. चुकून रोज घेतलं गेलं तर रक्तपेशी कोसळतात, तोंडात फोड येतात, जिवावर बेततं. घरी तुमचा वार ठरलेला असेल, सवयीने हात जात असेल. पण प्रवासात वार विसरतात, गोळ्यांच्या डब्या एकमेकांत मिसळतात, आणि त्यात मलेरियाच्या नव्या गोळ्यांची भर पडते. म्हणून मेथोट्रेक्सेटची पट्टी वेगळ्या डबीत ठेवा. त्यावर जाड पेनाने वार आणि तारखा लिहा. रविवार असेल तर पाच रविवारांच्या पाच तारखा, आणि घेतली की खोडायची. आणि तिथे जुलाब किंवा लघवीचा त्रास झाला, दुकानातून कुणी औषध आणून दिलं, तर आधी पट्टी वाचा. सल्फा गटातलं कोट्रायमोक्साझोल तुम्हाला अजिबात चालणार नाही, मेथोट्रेक्सेटसोबत ते घातक ठरतं. हे नाव इंग्रजीत एका कागदावर लिहून लेकीकडे देऊन ठेवा.

डासांचं साधंच आहे. मलेरियाचा ॲनोफिलिस दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत चावतो, एडिस दिवसा. म्हणजे चोवीस तास जपायचं. पूर्ण बाह्यांचे कपडे, मोजे, रात्री मच्छरदाणी, आणि उघड्या अंगाला डीईईटी हे डास पळवणारं रसायन असलेलं मलम किंवा फवारा, २० ते ३० टक्क्यांचा. ऊन असेल तेव्हा आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून हे. ऑगस्टात नैरोबीला थंडी असते, रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो, त्यामुळे अंगभर कपड्यांचं ओझं वाटणार नाही.

यजमानांना माराला जाताना निळी जीन्स आणि काळा टी-शर्ट नेऊ देऊ नका. त्सेत्से नावाची माशी तिकडच्या काही भागांत असते, निद्रारोग पसरवते, आणि तिला गडद निळा आणि काळा रंग ओढून घेतो. मलम-फवाऱ्याला ती फारशी जुमानत नाही. खाकी, बदामी, मातकट रंग बरे.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन निरुपयोगी होतं. सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हवी, सुया आहेत म्हणून. केनियाचं घड्याळ आपल्यामागे अडीच तास असतं, तेव्हा रात्रीच्या डोसच्या वेळेची फार ओढाताण नाही. जाताना आणि येताना त्या एका दिवसाचं गणित डॉक्टरांकडून करून घ्या. चालू पेन साधारण महिनाभर खोलीच्या तापमानाला चालतं. पण सफारीच्या जीपमध्ये उन्हात राहिलं तर नाही. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या भरपूर न्या. जीपमध्ये जेवणाची वेळ पुढे सरकते, म्हणून ग्लुकोज बिस्किटं खिशात, बॅगेत नव्हे. पायांकडे रोज रात्री बघायचं, नवे बूट कराडमध्येच महिनाभर वापरून मऊ करायचे.

बाकीच्या लसी चटकन सांगते. धनुर्वाताचा डोस दहा वर्षांत झाला नसेल तर दोघांनीही घ्या. फ्लू, न्यूमोकोकल (न्यूमोनियाची) आणि टायफॉइडचं इंजेक्शन या जिवंत लसी नाहीत, त्यामुळे तुम्हालाही चालतात. तुमच्या वयाला आणि औषधांना, आणि यजमानांच्या मधुमेहाला, पहिल्या दोन तर आफ्रिकेला गेला नसतात तरी मी घ्यायला लावल्या असत्या. हिपॅटायटिस ए आपल्या पिढीतल्या बहुतेकांना लहानपणी नकळत होऊन गेलेला असतो, त्याची घाई नको. कुत्रं, माकड चावलं किंवा ओरखडलं तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. माराच्या हॉटेलातली माकडं ताटातलं उचलून नेतात. नेऊ देत.

पाणी सीलबंद, बर्फ नको, कापून ठेवलेली फळं नकोत. ओआरएसची पाकिटं घरूनच न्या. आणि हो, केनियात २०१७पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगना कडक बंदी आहे, सामानात आणायलाही. चिवडा, मेतकूट, औषधं, सगळं कापडी पिशव्यांत आणि डब्यांत भरा. आयुर्वेदिक चूर्णं न्यायची तर कंपनीच्या मूळ बाटलीत, कागदाच्या पुडीत नाही.

प्रवास विमा काढताना एजंट म्हणेल, मधुमेह-संधिवात लिहू नका, हप्ता वाढतो. लिहा. न लिहिलेल्या आजाराचा दावा नाकारतात. माराहून गंभीर पेशंटला नैरोबीला विमानाने आणावं लागतं. तिथे १९५७ सालापासून 'फ्लाइंग डॉक्टर्स' ही सेवा आहे, तेव्हा तुमच्या पॉलिसीत हवाई रुग्णवाहिकेचा खर्च आहे की नाही ते नीट वाचून घ्या.

परत आल्यावर पुढचे तीन महिने, दोघांपैकी कुणालाही ताप आला, साधा वाटला तरी, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, केनियाला जाऊन आलोय हे पहिल्या वाक्यात सांगायचं आणि मलेरियासाठी रक्ताची काच बघायला सांगायची. पहिली काच निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि लागली तर तिसऱ्यांदा. पावसाळ्याच्या शेवटी कराडला घरोघरी ताप असणार, तुमचा ताप त्यात हरवू देऊ नका.

शेवटचं, नातीचं. लेक आणि नात तुमच्यासोबत गणपतीला कराडला येणार असतील, तर नऊ महिन्यांवरच्या बाळालाही भारतात उतरताना येलो फीवरचं कार्ड लागतं. तिचं झालंय का, हे लेकीला आज रात्रीच्या फोनवर विचारा. झालं नसेल तर तिच्या बालरोगतज्ज्ञांना गोवराच्या लशीची तारीखही दाखवायला सांगा. दोन जिवंत लसी एकाच दिवशी देतात, नाहीतर त्यांच्यात चार आठवड्यांचं अंतर ठेवतात, आणि गणपतीआधी तेवढे दिवस हाताशी आहेत का, ते तिला मोजावं लागेल.